झाडछाटणीचा छोटा धंदा: जीएसटी क्रमांक आत्ता घ्यावा की थांबावं?

पानगळ (पुणे):

फांद्या छाटणे, धोक्याची झाडं उतरवणे आणि कचरा उचलून नेणे असा एकट्याच्या नावावरचा धंदा आहे. चार माणसं, तीन चेन सॉ आणि दोर-हार्नेस स्वतःचे. क्रेन आणि टेम्पो लागेल तसे भाड्याने. जीएसटी नोंदणी नाही. एप्रिल ते डिसेंबरची बिलं अशी:

सोसायट्या आणि बंगले: ९,४०,०००
दोन कंपन्यांची आवारं: ३,६०,०००
महानगरपालिकेचं फांद्या छाटणीचं काम (फक्त मजुरी आणि यंत्र): ३,२०,०००
वखारीला विकलेलं जळाऊ लाकूड: ८०,०००

पालिकेच्या कामाला आणि जळाऊ लाकडाला जीएसटी नाही असं कळलं, म्हणून माझी उलाढाल मी १३ लाख धरतो. सेवेची मर्यादा २० लाख, म्हणजे सात लाख शिल्लक. पुढच्या तीन महिन्यांत सोसायट्यांची दरमहा साधारण ३५ हजारांची कामं होतील. शिवाय फेब्रुवारीत एका कंपनीचं दीड लाखाचं काम ठरलंय. ती कंपनी म्हणते, जीएसटी बिल द्या. सोसायट्या म्हणतात, जीएसटी लावला तर दुसरा माणूस बघू. सात-आठ लाखांचा छोटा टेम्पो घ्यायचाही विचार आहे. नोंदणी आत्ता घ्यावी की पुढच्या वर्षी?

हिशेबवही:

आधी बेरीज दुरुस्त करू, कारण तुमच्यापुढचा प्रश्नच त्यावर ठरतो.

नोंदणीची मर्यादा करपात्र उलाढालीवर मोजत नाहीत, एकत्रित उलाढालीवर मोजतात. एका पॅनवर देशभरात केलेला सगळा पुरवठा त्यात येतो, करमाफ असलेलासुद्धा. पालिकेच्या कामावर कर लागत नाही हे बरोबर आहे, पण ते ३.२० लाख मोजणीत धरावेच लागतात. जळाऊ लाकडाचे ८० हजारही तसेच. म्हणजे तुम्ही आज १३ वर नाही, १७ लाखांवर आहात.

लाकूड हा माल आहे आणि मालाची मर्यादा ४० लाख आहे, असंही कोणी सांगेल. ती सवलत फक्त माल विकणाऱ्यांना आहे. सेवा देत असाल तर २० लाखच.

दुसरं, त्याच पॅनवर भाड्याचं उत्पन्न आहे का? गाळा किंवा घर भाड्याने दिलं असेल तर तेही धरा. पुष्कळांचं गणित इथेच चुकतं, कारण भाडं धंद्याच्या वहीत लिहिलेलंच नसतं.

तिसरं, मोजणी बिलाची असते, जमा झालेल्या पैशांची नव्हे. पालिकेचं देयक सहा महिन्यांनी मिळालं तरी काम ज्या वर्षात झालं त्याच वर्षात ते मोजायचं.

पानगळ:

गाळा आहे, महिना १२,००० भाडं येतं. नऊ महिन्यांचे १,०८,०००. म्हणजे १८,०८,०००. जानेवारीत ३५ आणि १२ मिळून ४७ हजार, म्हणजे १८,५५,०००. फेब्रुवारीत कंपनीचं काम धरून २०,५२,०००. ओलांडली मर्यादा.

पण कंपनीचं काम एप्रिलमध्ये केलं तर मार्चअखेर १९,४९,०००. ५१ हजार शिल्लक राहतात. हे चालेल का?

हिशेबवही:

काम खरोखर एप्रिलमध्ये होत असेल तर चालेल. फेब्रुवारीत झाडं उतरवायची आणि बिल एप्रिलच्या तारखेचं फाडायचं, हे मात्र चालणार नाही. मार्चमध्ये आगाऊ रक्कमही घेऊ नका. सेवेत बिल किंवा पैसे यातलं जे आधी, ती पुरवठ्याची तारीख धरतात.

तरी ५१ हजारांवर विसंबू नका असंच म्हणेन. मार्चमध्ये एखादा अवकाळी वादळी पाऊस आला आणि चार सोसायट्यांत गुलमोहर आडवे झाले, तर तेवढी बिलं दोन दिवसांत होतील. आणि पडलेलं झाड गाडीवरून उचलायला तुम्ही नाही म्हणणार नाही.

दोरखंड:

या बेरजेत अजून एक गोष्ट राहिली आहे आणि ती आपल्याच धंद्याची आहे. सोसायट्यांच्या कामात लाकूड तुम्ही नेता ना? आणि नेणार म्हणून दर कमी लावता?

उदाहरण घ्या. कडुनिंबाचं मोठं झाड उतरवायचे १५ हजार. सोसायटी म्हणते, लाकूड तुम्ही घ्या आणि ९ हजारांत करा. तुम्ही बिल ९ हजारांचं करता. पण मोबदला पैशात ९ हजार आणि लाकडाच्या रूपात ६ हजार मिळाला. कायद्यात मोबदला वस्तूच्या रूपात असला तरी तो किमतीत धरतात. तुमच्या सेवेची किंमत १५ हजार झाली आणि उलाढालीतही तीच धरायची. नंतर ते लाकूड वखारीला विकलं की ती विक्री वेगळी.

पालापाचोळा आणि बारीक काटक्यांना किंमत नसते, त्या नेणं हा उलट खर्च आहे, ते सोडा. जाड बुंधे आणि ओंडक्यांसाठी दर कमी केला असेल तेवढंच मोजा. कोटेशन काढून बघा. दोन आकडे दिलेले असतील तर फरक लगेच सापडेल. पुढे मात्र कोटेशनवरच तीन ओळी वेगळ्या लिहा: छाटणीचा दर, वाहतूक, आणि लाकडाची वजावट. वाद आणि चौकशी दोन्ही वाचतात.

ओंडक्यांबद्दल आणखी एक. जळाऊ लाकूड करमाफ आहे, पण इमारती लाकडाचे गोल ओंडके सॉ मिलला दिले तर त्यांवर १८ टक्के कर आहे. सागाचा किंवा शिरिषाचा चांगला बुंधा जळाऊ म्हणून बिलात दाखवू नका.

पानगळ:

कोटेशन काढली. लाकडापोटी सोडलेली रक्कम जवळपास ७० हजार निघते. म्हणजे आजच १८,७८,०००. कंपनीचं काम पुढे ढकललं तरी मार्चअखेर २०,१९,००० होतात. थांबण्याचा पर्याय संपला असं दिसतंय.

मग साधी नोंदणी की कंपोझिशन?

हिशेबवही:

हो, संपला. आता उरला तोच खरा निर्णय, आणि तो उलाढालीपेक्षा गिऱ्हाइकांवर ठरतो.

साध्या नोंदणीत बिलावर १८ टक्के (९ केंद्र, ९ राज्य) लावायचे आणि खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तो भरायच्या करातून वजा करायचा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे सेवा देणाऱ्यांसाठी मागच्या वर्षी ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या योजनेत, ६ टक्के कर आपल्या खिशातून भरायचा. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, क्रेडिट मिळत नाही, आणि कर बीजक न देता पुरवठ्याचं बिल द्यायचं.

दहा हजारांच्या एका कामावर बघा. सोसायटी नोंदणीकृत नाही आणि एकूण दहा हजारांच्या वर एक रुपया देणार नाही, असं धरू.

साधी नोंदणी: १०,००० मध्येच कर आहे. १८ भागिले ११८, म्हणजे १,५२५ रुपये सरकारचे.
कंपोझिशन: ६०० रुपये.

फरक ९२५. तो क्रेडिटमधून भरून काढायचा तर दर दहा हजारांच्या कामामागे पाच हजारांहून अधिक खरेदी १८ टक्क्यांच्या बिलावर हवी. आपल्या धंद्यात ते होत नाही. सर्वांत मोठा खर्च मजुरी, तिच्यावर क्रेडिट नाही. दुसरा पेट्रोल-डिझेल, ते जीएसटीच्या बाहेर आहे. राहिलं काय, तर क्रेनचं भाडं (मालक नोंदणीकृत असेल तर), चेन, बार, ऑइल, विमा, हिशेबनिसाची फी.

कंपनीचं काम उलटं असतं. तुम्ही १०,००० अधिक १,८०० लावता, ती कंपनी १,८०० चं क्रेडिट घेते, दोघांचंही नुकसान नाही. कंपोझिशनमध्ये त्याच कामावर तुमचे ६०० जातात.

म्हणून कंपन्यांच्या कामाचा हिस्सा बघायचा. क्रेडिट शून्य धरलं तरी तो ६१ टक्क्यांच्या वर असेल तर साधी नोंदणी स्वस्त. दहा हजारांमागे २५० रुपये क्रेडिट मिळत असेल तर हा आकडा ४४ टक्क्यांवर येतो. तुमच्या आकड्यांत करपात्र छाटणीचं वर्षाचं काम १६.२५ लाख होतं (लाकडाची किंमत धरून) आणि कंपन्यांचे ५.१० लाख, म्हणजे ३१ टक्के. सोसायट्या दर वाढवायला तयारच नसतील तर नुसत्या गणिताने कंपोझिशन.

सगळ्या सोसायट्यांना एकच समजू नका. मोठ्या सोसायटीची स्वतःची नोंदणी असू शकते: वार्षिक वर्गणी २० लाखांवर आणि दरमहा प्रतिसदस्य ७,५०० च्या वर असेल तर ती कर भरते आणि तुमचं क्रेडिटही घेऊ शकते. बिल करताना त्यांचा जीएसटी क्रमांक विचारा. शाळा आणि रुग्णालयं मात्र बहुतेक करमाफ सेवा देतात, त्यांच्यासाठी तुमचे १८ टक्के हा निव्वळ खर्च.

दोरखंड:

टेम्पोचं विसरू नका, त्याने गणित फिरू शकतं. सात लाखांच्या मालवाहू टेम्पोवर १८ टक्के म्हणजे १,२६,०००. साध्या नोंदणीत हे क्रेडिट मिळतं. गाडीवरचं क्रेडिट बंद आहे ते प्रवासी गाड्यांना, मालवाहूला नाही. पण तीन अटी नीट समजून घ्या.

एक, नोंदणीच्या आधी घेतलेल्या यंत्राचं किंवा गाडीचं क्रेडिट मिळत नाही. नव्या नोंदणीच्या वेळी फक्त साठ्यात पडलेल्या मालाचं मिळतं: न उघडलेलं ऑइल, नव्या चेन, तेही वर्षाच्या आतल्या बिलाचं. तुमच्या तीन चेन सॉचा कर गेला तो गेला. म्हणून टेम्पो किंवा चिपर (फांद्यांचा भुगा करणारं यंत्र) घ्यायचाच असेल तर क्रमांक हातात आल्यावर, आणि बिलावर तो क्रमांक छापून घ्या.

दोन, तोच टेम्पो पालिकेच्या करमाफ कामालाही जाणार. तेवढ्या प्रमाणात क्रेडिट सोडावं लागतं. हा हिशेब पाच वर्षांवर, महिन्यागणिक होतो.

तीन, वर्षभर क्रेडिट वापरून पुढच्या एप्रिलपासून कंपोझिशनमध्ये जाऊ, असं वाटत असेल तर तसं होत नाही. गाडीचं आयुष्य ६० महिने धरतात. बारा महिने वापरून बाहेर पडलात तर ६० पैकी ४८ महिन्यांचं, म्हणजे १,००,८०० परत करावं लागेल. नोंदणी रद्द केली तरी परत करावंच लागतं.

आणि आयकरात कराची ती रक्कम टेम्पोच्या किमतीत धरून घसारा घेऊ नका. क्रेडिट घेतलं की त्या भागावर घसारा नाही.

हिशेबवही:

यात एक भर. आत्ता कंपोझिशन घेतली, टेम्पो घेतला, आणि पुढे साध्या नोंदणीत गेलात, तर त्या टेम्पोचं क्रेडिट मिळू शकतं. बिल एक वर्षाच्या आतलं हवं, आणि दर तिमाहीला पाच टक्के कमी धरून. म्हणून टेम्पो लगेच घ्यायचा असेल तर साधी नोंदणी, दोन वर्षांनी घ्यायचा असेल तर आत्ता कंपोझिशन, असं मी ठरवलं असतं.

गाळ्याचं भाडं मात्र दोन्हीकडे जड जाईल. आज तुम्ही नोंदणीकृत नाही म्हणून त्यावर तुम्हाला कर भरावा लागत नाही. क्रमांक मिळाल्यापासून व्यापारी गाळ्याचं भाडं तुमचाच करपात्र पुरवठा: साध्या नोंदणीत १८ टक्के, म्हणजे महिना २,१६० भाडेकरूकडून; कंपोझिशनमध्ये ६ टक्के तुमच्या खिशातून. भाडेकराराचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर "जीएसटी वेगळा" ही ओळ आत्ताच घालून घ्या.

उलट, यंत्रं ठेवायला तुम्ही कोणाचं गोदाम भाड्याने घेतलं आणि मालक नोंदणीकृत नसेल, तर साध्या नोंदणीत त्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्ही भरायचा आणि तुम्हीच क्रेडिट घ्यायचं. कंपोझिशनवाल्यांना यातून जानेवारी २०२५ पासून सूट आहे.

खारेवारा (रत्नागिरी):

इकडे काही जण फक्त हापूसच्या बागांची छाटणी करतात. त्यांनाही २० लाखांवर नोंदणी लागते का?

हिशेबवही:

शेतावर शेतमालाच्या उत्पादनासाठी केलेली छाटणी, निगा, तोडणी या सेवा करमाफ आहेत. आंब्याची बाग त्यात येते. आणि सगळाच पुरवठा करमाफ असेल तर उलाढाल कितीही असो, नोंदणीची गरज नाही. पण बागांसोबत एखाद्या रिसॉर्टच्या आवारातली नारळ-सुरूची छाटणी घेतली की तो करपात्र पुरवठा झाला. मग बागांची करमाफ उलाढालसुद्धा २० लाखांच्या मोजणीत येते. बागांचं काम १८ लाखांचं असेल तर रिसॉर्टचं अडीच लाखांचं एक कामही नोंदणी ओढवून घेतं.

दोरखंड:

पालिकेच्या कामाबद्दल थोडं, कारण पानगळ यांचा हिस्सा मोठा आहे.

माफी आहे ती पालिकेला थेट दिलेल्या शुद्ध, म्हणजे माल न पुरवता दिलेल्या सेवेला. नागरी वनीकरण आणि उद्यानं ही पालिकेची घटनेतली कामं, म्हणून. निविदेत रोपं, माती, ट्री गार्ड असा माल आला तर त्याची किंमत एकूण कामाच्या २५ टक्क्यांपर्यंत असली तरच माफी टिकते. आणि सर्वांत जास्त फसतात ते उपठेकेदार. मुख्य ठेकेदाराने पालिकेचं काम घेतलं आणि छाटणी तुम्हाला दिली, तर तुमचं गिऱ्हाईक ठेकेदार आहे, पालिका नव्हे. त्या बिलावर १८ टक्के लागतात. कार्यादेश कोणाच्या नावाने आहे ते आधी बघा.

महावितरणच्या तारांखालच्या फांद्यांचं काम मिळालं तर तेही करपात्र. ती कंपनी आहे, स्थानिक संस्था नाही.

कंपोझिशन घेणार असाल तर बेळगाव किंवा गोव्याचं काम घेऊ नका. उभं झाड जमिनीला जोडलेलं, म्हणजे ते काम जमीन आहे त्या राज्यातलं, आणि आंतरराज्य पुरवठा करणाऱ्याला ही योजना मिळत नाही.

पानगळ:

घरच्यांनी सुचवलंय, सोसायट्यांचं काम बायकोच्या नावावर काढा, दोन्हीकडे २० लाखांच्या आत राहील.

हिशेबवही:

दोन पॅन म्हणजे कायद्याने दोन व्यक्ती, हे खरं. पण तीच चार माणसं, त्याच चेन सॉ, तोच फोन आणि तीच गिऱ्हाइकं असतील तर तो कागदावरचा भाग आहे. तपासणीत दोन्ही एकत्र धरून मागचा कर, १८ टक्के व्याज आणि दंड मागितला जातो. नोंदणी लागत असताना न घेतल्याचा दंड १०,००० किंवा बुडालेला कर, यातला जो जास्त तो. त्या बिलांवर सोसायट्यांकडून कर तुम्ही घेतलेलाच नसतो, त्यामुळे सगळी रक्कम घरातून जाते. वहिनी स्वतः वेगळी रोपवाटिका चालवत असत्या तर गोष्ट निराळी. इथे करू नका.

आता पुढचं, क्रमाने.

कंपनीचं काम फेब्रुवारीतच करा, ढकलून आता फायदा नाही. दर ठरवताना "जीएसटी वेगळा" लिहा. साधी नोंदणी घेणार असाल तर त्याआधीच क्रमांक काढा, म्हणजे त्यांना हवं ते बिल देता येईल. मर्यादा ओलांडल्यावर ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, पण स्वेच्छेने आधी करायला हरकत नाही. ३० दिवसांत अर्ज केला तर नोंदणी ओलांडल्याच्या दिवसापासून धरतात आणि मधल्या बिलांची सुधारित बीजकं प्रमाणपत्र मिळाल्यापासून महिन्याभरात देता येतात. उशीर झाला तर मधला कर भरायचा आणि साठ्याचं क्रेडिटही जातं. क्रमांक येईपर्यंत बिलावर जीएसटी म्हणून एक रुपयाही घेऊ नका.

अर्ज पोर्टलवर, आरईजी-०१ नमुन्यात. सरकारी फी शून्य. पॅन, आधार, फोटो, बँक खातं, आणि जागेचा पुरावा म्हणून वीजबिल. घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतिपत्र. राहतं घर धंद्याची जागा म्हणून दाखवता येतं. पत्ता वीजबिलावर आहे अक्षरशः तसाच लिहा; फ्लॅट क्रमांक किंवा विंग चुकली की शंका काढून अर्ज परत येतो. कंपोझिशन हवी असेल तर याच अर्जात खूण करायची. चुकलात तर सीएमपी-०२ भरून पुढच्या १ एप्रिलपासून, आणि तो ३१ मार्चच्या आत.

नंतरचं काम: कंपोझिशनमध्ये तिमाहीला सीएमपी-०८, तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत, आणि वर्षाचं विवरण जीएसटीआर-४, ३० जूनपर्यंत. साध्या नोंदणीत तिमाही विवरणाची सोय घ्या: जीएसटीआर-१ (बिलांचा तपशील) तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १३ तारखेला, ३बी (कराचा गोषवारा) महाराष्ट्रासाठी त्याच महिन्याच्या २२ तारखेला, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. काम नसलं तरी शून्याचं ३बी भरावंच लागतं. उशिराला दिवसाला २० रुपये, कर असेल तर ५०. पावसाळ्यानंतरच्या मंद महिन्यांत हेच राहून जातं आणि सहा महिने विवरण नाही भरलं तर नोंदणी रद्द होऊ शकते.

दोरखंड:

मे-जूनच्या छाटणीची कोटेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात. तोपर्यंत क्रमांक आला नसला तरी प्रत्येकावर लिहा: "काम करताना लागू असलेला जीएसटी वेगळा आकारला जाईल." ही ओळ नसेल तर दिलेला दर करासहित धरला जातो आणि १५ हजारांच्या कामातले २,२८८ रुपये तुमच्याकडून जातात. कंपोझिशन घेणार असाल तर ही ओळ चालणार नाही; मग दरच आत्ता सहा-सात टक्क्यांनी वाढवून द्या, आणि बिलावर वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीचा क्रमांक लिहायची सवय ठेवा. सोसायटीच्या सभेत दरवाढीपेक्षा त्या क्रमांकाचीच जास्त विचारणा होते.